रिपीटरचे दार उघडणारा सूर

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धक्के बहुतेक लहान होते, पण ते थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांपैकी एकाची नोंद रिश्टर मापनावर ४.१ अशी झाली. घरांच्या भिंतींना तडे गेले आणि धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी ऐन थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवून धक्क्यांचा अभ्यास केला.

धक्का बसला की प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो : आपली माणसे सुखरूप आहेत ना? सगळेच एका वेळी फोन लावतात आणि नेमक्या त्याच वेळी फोन लागत नाहीत. वीज गेली तर मोबाइलच्या मनोऱ्यावरील बॅटरी काही तासच टिकते. अशा प्रसंगी हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते उपयोगी पडतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतरचे अंदमान, या सर्व ठिकाणी हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचे काम केले होते.

परंतु नुसता संच हाती असून भागत नाही. वॉकीटॉकीसारख्या लहान संचाचा आवाज दूर पोचवण्यासाठी मध्ये एक ‘रिपीटर’ लागतो, आणि त्या रिपीटरचे दार बहुधा एका विशिष्ट सुरानेच उघडते. हा सूर कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. तो चुकला तर संच उत्तम, बॅटरी भरलेली, अँटेना जागेवर आणि तरीही उत्तर नाही, अशी अवस्था होते. हा सूर म्हणजे काय, तो काय करतो, काय करत नाही आणि बिघाड झाल्यास तो कसा शोधायचा, हे या लेखात पाहू या. शाळेतील ध्वनी, अनुस्पंदन आणि विद्युत या तिन्ही प्रकरणांचा येथे एकत्र उपयोग होतो.

रिपीटर कशासाठी?

हॅम मंडळी स्थानिक संभाषणासाठी मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. या लहरींची लांबी सुमारे २ मीटर असते. त्या साधारणपणे सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून फारशा जात नाहीत. जमिनीपासून ‘ऊ’ मीटर उंचीवरील अँटेनाचे रेडिओ-क्षितिज किती किलोमीटरवर असेल, याचे एक सोपे सूत्र आहे : ‘ऊ’चे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणावे. माणसाने हातात धरलेला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याचे क्षितिज ५ किलोमीटरवर येते. असे दोन संच अगदी सपाट जमिनीवर फार तर १० किलोमीटर अंतरावरून बोलू शकतील. झाडे, घरे आणि टेकड्या मध्ये आल्या की प्रत्यक्षात २-३ किलोमीटरही कठीण होतात.

आता डहाणू तालुक्यातील रानशेतचा विचार करा. किनाऱ्याची सपाट पट्टी सोडून पूर्वेकडे निघाले की जमीन उंचसखल होत जाते. गाव एका ठिकाणी नसते, ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असते. एका पाड्यावरून दुसरा पाडा दिसत नाही, कारण मध्ये टेकडीचा उंचवटा असतो. मात्र दोन्ही पाड्यांवरून एखादा उंच डोंगर दिसतो. चारोटीजवळचा महालक्ष्मीचा सुळका तर कितीतरी दुरून ओळखू येतो. दोघांना एकमेक दिसत नाहीत, पण दोघांना तिसरा दिसतो. रिपीटरचे सगळे तत्त्व या एका वाक्यात आहे.

समजा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २२५ मीटर उंच अशा डोंगरावर आपण रिपीटर बसवला. २२५ चे वर्गमूळ १५, म्हणून त्याचे क्षितिज सुमारे ६२ किलोमीटर. त्यात हातातील संचाचे ५ मिळवले तर ६७ किलोमीटर होतात. मध्ये दुसरा डोंगर आडवा नसेल तर एवढ्या परिसरातील कोणतेही दोन संच या रिपीटरमार्फत एकमेकांशी बोलू शकतील.

रिपीटरमध्ये एक ग्राही संच आणि एक प्रक्षेपक असतो. ग्राही जे ऐकतो ते प्रक्षेपक त्याच क्षणी पुन्हा बोलतो. ऐकण्याची आणि बोलण्याची कंप्रता एकच ठेवली तर रिपीटर स्वतःचाच आवाज ऐकत बसेल. म्हणून १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंत ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याची पद्धत आहे. समजा, आपला रिपीटर १४५.६०० मेगाहर्ट्झवर बोलतो, तर तो १४५.००० वर ऐकतो. आपला संच याच्या उलट लावावा लागतो : १४५.६०० वर ऐकणारा आणि बोलण्याचे बटण दाबताच १४५.००० वर उडी घेणारा.

दारावरचा पहारेकरी

ग्राही संचाला संदेश मिळत नसतो तेव्हा त्यातून सतत ‘सूंऽऽ’ असा खळखळाट येतो. तो बंद ठेवणाऱ्या योजनेला ‘स्क्वेल्च’ म्हणतात. लहर आली, खळखळाट कमी झाला की स्क्वेल्च उघडतो आणि प्रक्षेपक चालू होतो. हा पहारेकरी भोळा आहे. कोणीतरी दार ठोठावले एवढेच त्याला कळते, कोण ते कळत नाही. दूरच्या दुसऱ्या रिपीटरसाठी आलेली लहर, शेजारच्या मनोऱ्यावरील उपकरणाची गळती, संगणकाच्या वीजपुरवठ्यातून निघणारी लहर, यांपैकी काहीही त्याला पुरते.

म्हणून पहारेकऱ्याला एक खूण शिकवली जाते. बोलणाऱ्याचा संच आवाजाबरोबर एक बारीक, अखंड सूर पाठवत राहतो. ठरलेला सूर आला तरच दार उघडायचे, नाहीतर नाही. या पद्धतीचे इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि त्याचे आद्याक्षरी रूप ‘सीटीसीएसएस’ असे होते. बोलताना सगळे त्याला नुसते ‘टोन’ म्हणतात. १९५० च्या दशकात मोटोरोला कंपनीने ही पद्धत ‘प्रायव्हेट लाइन’ या नावाने आणली, म्हणून आजही अनेक हॅम ‘पीएल टोन’ असा शब्द वापरतात. हे नाव फसवे आहे. टोनमुळे संभाषण खाजगी होत नाही. ज्याने आपल्या संचावर कोणताही टोन लावलेला नाही त्याला सर्व काही ऐकू येते. टोन म्हणजे कुलूप नव्हे, दारावरची ठरलेली टकटक आहे.

टोनच्या खाली-वर दुसऱ्याही खुणा वापरल्या जातात. युरोपात सुरुवातीला १७५० हर्ट्झचा एक छोटा सूर वाजवून रिपीटर उघडण्याची रीत होती. टेलिफोनच्या बटणांतून निघणाऱ्या दुहेरी सुरांचा उपयोग रिपीटर चालू-बंद करण्यासारख्या आज्ञांसाठी होतो. अलीकडच्या संचांत सुराऐवजी अंकांची माळ पाठवण्याचीही सोय असते. पण सर्वांत रुळलेली पद्धत अखंड सुराचीच आहे.

सूर कसे निवडले?

या पद्धतीतील रूढ सूर ६७.० हर्ट्झपासून सुरू होऊन २५०.३ हर्ट्झपर्यंत जातात. ते ३८ आहेत. ते एवढे खालचे का? बोलणे समजण्यासाठी ३०० ते ३००० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. संचातील गाळणी ३०० हर्ट्झच्या खालचा भाग लाउडस्पीकरकडे जाऊ देत नाही. म्हणजे ३०० च्या खाली एक मोकळी बोळ आहे आणि टोन त्या बोळातून ये-जा करतो. शिवाय तो हळू आवाजातच पाठवतात. बोलण्यामुळे लहरीची कंप्रता जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्झने इकडे-तिकडे सरकत असेल तर टोनमुळे ती ५०० ते ८०० हर्ट्झनेच सरकते.

दोन शेजारच्या सुरांतील अंतर पाहण्यासारखे आहे. १००.० नंतर १०३.५, मग १०७.२, मग ११०.९. प्रत्येक पुढचा सूर मागच्याच्या सुमारे १.०३५ पट आहे, म्हणजे ही भूमिती श्रेढी आहे. कंप्रता दुप्पट झाली की एक सप्तक पुरे होते. १.०३५ ला स्वतःनेच गुणत गेल्यास दुप्पट होण्यास सुमारे २० पायऱ्या लागतात. आपल्या संगीतशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती मानल्या आहेत. म्हणजे रिपीटरचा पहारेकरी साधारण श्रुतीएवढा फरक ओळखणारा असावा लागतो. चांगल्या गवयाच्या कानाचे काम त्याच्याकडे सोपवलेले असते.

पूर्वी हे काम धातूच्या कंप पावणाऱ्या पट्ट्या करत असत. हार्मोनियममध्ये जशी प्रत्येक स्वराची वेगळी पट्टी, तशी प्रत्येक टोनची वेगळी पट्टी. योग्य कंप्रतेचा विद्युत्प्रवाह आला की अनुस्पंदनाने ती थरथरू लागे. आज तेच काम इलेक्ट्रॉनिक परिपथ किंवा आकडेमोड करणारी चिप करते, पण तत्त्व अनुस्पंदनाचेच आहे.

भारतात या यादीतील एक सूर टाळावा, तो म्हणजे १००.० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. वीजपुरवठ्याच्या संचात तिचे एकदिशीकरण होताना प्रत्येक आवर्तनात दोन शिखरे येतात. गाळणी चांगली नसेल तर १०० हर्ट्झची गुणगुण मागे उरते. रोहित्राजवळ उभे राहिल्यावर जो ‘घूंऽऽ’ ऐकू येतो तोही १०० हर्ट्झचाच. मग एखाद्या जुनाट वीजपुरवठ्याची गुणगुण रिपीटरला टोन वाटू शकते. तीनपट कंप्रतेजवळचा १५१.४ हर्ट्झही त्यामानाने जोखमीचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे तेथील पुस्तकांत ११८.८ आणि १७९.९ टाळा, असे सांगितलेले आढळते. ती सूचना जशीच्या तशी येथे वापरण्यात अर्थ नाही.

पहिला शब्द का हरवतो?

दोन सुरांतील फरक ओळखायला वेळ लागतो. १००.० आणि १०३.५ हर्ट्झ यांत ३.५ हर्ट्झचे अंतर आहे. ते निश्चित कळण्यासाठी साधारण ‘१ भागिले ३.५’ सेकंद, म्हणजे पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ सूर ऐकावा लागतो. उपकरण कितीही महाग असले तरी ही मर्यादा सुटत नाही, कारण ती लहरींच्या स्वभावातच आहे. त्यानंतर प्रक्षेपक चालू होण्यास आणि ऐकणाऱ्याचा स्क्वेल्च उघडण्यास आणखी थोडा वेळ जातो. एकूण अर्धा सेकंद धरावा.

अर्ध्या सेकंदात आपण एक शब्द बोलून मोकळे होतो. मराठीत वाक्याची सुरुवात बहुधा स्थळाने होते. ‘धुंदलवाडीत दोघे जखमी, गाडी पाठवा’ असा निरोप बटण दाबताच कोणी बोलला, तर ऐकणाऱ्याला ‘दोघे जखमी, गाडी पाठवा’ एवढेच ऐकू येईल. गाडी तयार आहे, पण ती कोठे पाठवायची? म्हणून शिस्त अशी की बटण दाबावे, मनात ‘एक’ म्हणावे आणि मग बोलावे. गावाचे नाव वाक्याच्या शेवटी पुन्हा सांगावे. ही सवय कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

नेहमीच्या तक्रारी

रिपीटरविषयी ज्या तक्रारी येतात त्या बऱ्याचशा ठरावीक असतात. त्यांची कारणे क्रमाने पाहू.

पहिली तक्रार : ‘रिपीटर उघडतच नाही.’ येथे तीन गोष्टी तपासाव्यात. टोन लावला आहे का, तोच लावला आहे का, आणि ६०० किलोहर्ट्झची उडी योग्य दिशेने आहे का. संचाच्या स्मृतीत नवीन वाहिनी साठवताना टोन साठवायचा राहून जातो, हे वारंवार घडते. टोन कोणता ते माहीत नसेल तर संचातील टोन शोधण्याची सोय वापरता येते. मात्र ती रिपीटर ज्या कंप्रतेवर ऐकतो तेथे, दुसरा कोणी बोलत असताना वापरावी. अनेक रिपीटर आलेला टोन गाळून टाकतात आणि पुढे पाठवत नाहीत. अशा रिपीटरच्या बोलण्याच्या कंप्रतेवर कितीही शोधले तरी टोन सापडणार नाही.

दुसरी तक्रार : ‘माझे सगळ्यांना ऐकू जाते, मला कोणाचेच ऐकू येत नाही.’ संचावर टोनच्या दोन वेगळ्या सोयी असतात. एक फक्त पाठवताना सूर जोडते. दुसरी त्याबरोबरच आपल्या स्वतःच्या कानावरही पहारा बसवते, म्हणजे सूर आला तरच लाउडस्पीकर उघडते. रिपीटर सूर पाठवत नसेल आणि आपण दुसरी सोय निवडली असेल तर आपण स्वतःच आपल्या कानात बोळा घातलेला असतो. पहिली सोय निवडली की प्रश्न मिटतो. संकटाच्या वेळी ऐकण्यावरचा टोन बंद ठेवणेच बरे.

तिसरी तक्रार : ‘आवाज तुटक जातो.’ याची कारणे अनेक आहेत. लहर क्षीण असेल तर टोन आधी हरवतो आणि दार मध्येच बंद होते. अशा वेळी अर्धा मीटर बाजूला सरकून पाहावे. डोंगरावरून परावर्तित झालेली आणि सरळ आलेली लहर एकमेकींना मारक ठरत असतील तर लहरीच्या चतुर्थांश लांबीएवढ्या अंतराने चित्र बदलते. दुसरे कारण, संच ‘अरुंद’ पट्ट्यावर लावलेला असणे. मग आवाज आणि टोन दोन्ही निम्मे होतात आणि निम्मा टोन पहारेकऱ्याला पुरत नाही. तिसरे कारण गमतीचे आहे. खर्जातील पुरुषी आवाजाची मूळ कंप्रता १०० हर्ट्झच्या आसपास असते. संचात बोलण्याचा खालचा भाग नीट गाळला जात नसेल तर आवाज टोनच्या बोळात शिरतो आणि टोन झाकून टाकतो. त्याच संचावरून तीच व्यक्ती तोंड थोडे दूर ठेवून, न ओरडता बोलली की आवाज अखंड जातो.

चौथी तक्रार : ‘पूर्वी ऐकू यायचे, हल्ली येत नाही.’ हा बिघाड संचाचा नसून बहुधा डोंगरावरचा असतो. पंचवीस वॅट शक्तीने बोलत असतानाच रिपीटरला दुसऱ्या कानाने अतिशय क्षीण लहर ऐकायची असते. चांगल्या ग्राहीला सुमारे ०.२ मायक्रोव्होल्ट पुरतात. ५० ओहम रोधावर त्याची शक्ती काढली तर बोलण्याची शक्ती ऐकण्याच्या शक्तीच्या सुमारे तीनावर सोळा शून्ये इतकी पट येते. ढोल बडवणाऱ्याने त्याच वेळी टाचणी पडल्याचा आवाज ऐकावा, असा हा प्रकार. हे शक्य होते ते ‘डुप्लेक्सर’ या उपकरणामुळे. पाऊण हात ते हातभर उंचीची धातूची नळकांडी एकमेकांना जोडून तो बनवतात. प्रत्येक नळकांडे एक कंप्रता जाऊ देते आणि दुसरी अडवते.

पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरले, खाऱ्या हवेने जोड गंजला किंवा डुप्लेक्सर जुळणीवरून ढळला की रिपीटर स्वतःच्याच बोलण्याने बहिरा होतो. याची एक हमखास खूण आहे. दूरच्या माणसाचा आवाज ठरावीक तालात येतो आणि जातो. क्षीण लहर येते, दार उघडते, प्रक्षेपक चालू होतो, त्यामुळे ग्राही बहिरा होतो, दार बंद होते, प्रक्षेपक थांबतो, ग्राहीला पुन्हा ऐकू येते आणि चक्र पुन्हा सुरू. जवळच्या माणसाला मात्र काहीच अडचण जाणवत नाही. म्हणून ‘मला तर छान ऐकू येते’ असे जवळच्याने सांगितले तर त्यावर विसंबू नये.

टोन काय करत नाही?

पाचवी तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे : ‘कोणी बोलत नसताना रिपीटर चालू होतो.’ यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे टोन लावणे. टोन लावला की त्रास थांबतो आणि सर्वजण समाधानी होतात. पण त्रास थांबला की दिसेनासा झाला, हा खरा प्रश्न आहे.

उपद्रवी लहर पूर्वीइतकीच तेथे आहे. फरक एवढाच की तिच्याकडे सूर नसल्याने दार उघडत नाही. आता एखाद्या पाड्यावरून कोणी योग्य टोन लावून बोलू लागला. रिपीटरच्या अँटेनापाशी दोन लहरी एका वेळी आल्या. कंप्रता-विरूपण पद्धतीत ग्राही दोन्ही लहरी मिसळून देत नाही, जी प्रबळ असते तिचेच ऐकतो. उपद्रवी लहर प्रबळ असेल तर तिच्यात टोन नाही म्हणून दार बंदच राहील. पाड्यावरच्या माणसाला वाटेल की रिपीटर बंद आहे. देखभाल करणाऱ्याला वाटेल की रिपीटर शांत आहे, म्हणजे ठीक आहे. टोनने ताप उतरवला, आजार तसाच ठेवला.

उपद्रव कोठून येतो, याचेही गणित सोपे आहे. दोन प्रबळ लहरी एखाद्या गंजलेल्या जोडात किंवा प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्यात एकत्र आल्या की नव्या कंप्रता जन्मतात. त्यांपैकी एक म्हणजे ‘पहिलीची दुप्पट वजा दुसरी’. आपला रिपीटर १४५.६ वर बोलतो. त्याच मनोऱ्यावर किंवा जवळपास कोणी १४६.२ वर बोलत असेल तर २९१.२ वजा १४६.२, म्हणजे १४५.० मेगाहर्ट्झ. नेमकी आपली ऐकण्याची कंप्रता! आणि रिपीटर आपल्या बोलण्यात तोच टोन पाठवत असेल तर या नव्या लहरीतही तो टोन उतरतो. मग टोनचा पहाराही निरुपयोगी होतो आणि रिपीटर स्वतःचे दार स्वतःच धरून ठेवतो.

असे असले तरी टोनचा एक मोठा फायदा नाकारता येणार नाही, तो म्हणजे बॅटरीची बचत. बोलताना रिपीटर सुमारे ६ अँपिअर आणि नुसता ऐकताना अर्धा अँपिअर प्रवाह घेतो, असे धरू. वीज गेली आहे आणि डोंगरावर १०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे हाती ५० अँपिअर-तास. एकूण वेळेच्या पाचव्या हिश्श्यात बोलणे चालले तर सरासरी प्रवाह १.६ अँपिअर पडतो आणि रिपीटर ३१ तास चालतो. तोच रिपीटर उपद्रवी लहरीमुळे रात्रभर उघडा राहिला तर आठ तासांत बॅटरी संपते. पहाटे खऱ्या निरोपाच्या वेळी डोंगर मुका झालेला असतो. म्हणून टोन हवाच, पण उपद्रवाचा शोध थांबवण्यासाठी नव्हे, शोध पूर्ण होईपर्यंत बॅटरी वाचवण्यासाठी.

बिघाड शोधण्याची रीत

बिघाड शोधणे ही अंदाजाची नव्हे, विभागणीची गोष्ट आहे. साखळी अशी आहे : बोलणाऱ्याचा संच, हवेतील वाट, रिपीटरचा ग्राही, टोनचा पहारेकरी, प्रक्षेपक, परतीची वाट, ऐकणाऱ्याचा संच. या साखळीचे मधोमध दोन भाग करावेत आणि बिघाड कोणत्या अर्ध्या भागात आहे ते आधी ठरवावे.

यासाठी दोन संच आणि दोन माणसे पुरतात. एकाने बोलावे, दुसऱ्याने जवळच उभे राहून रिपीटरच्या ऐकण्याच्या कंप्रतेवर थेट ऐकावे. आवाज आला तर बोलणारा संच ठीक. मग ऐकणाऱ्याने आपल्या संचावर ऐकण्याचा टोन लावावा. तरीही आवाज आला तर टोनही बरोबर. येथपर्यंत डोंगर चढण्याची गरज पडत नाही. आमच्या पाहण्यात ज्या तक्रारी आल्या त्यांतील बऱ्याच या पायरीवरच मिटल्या.

हे सर्व ठीक असेल तर चौथ्या व पाचव्या तक्रारीकडे वळावे. डोंगरावर गेल्यावर प्रथम टोनचा पहारा आणि प्रक्षेपक दोन्ही बंद करून ग्राही काय ऐकतो ते पाहावे. त्यानंतर प्रक्षेपक चालू करावा. क्षीण लहर आता खळखळाटात बुडाली तर दोष डुप्लेक्सर, केबल किंवा अँटेनाचा. प्रक्षेपक बंद असतानाही नको ती लहर ऐकू येत असेल तर तिचा उगम बाहेर आहे.

दोन नियम कटाक्षाने पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदल तारीख व वेळ घालून वहीत लिहावा. उपद्रव संध्याकाळीच येतो की पाऊस पडल्यावरच, हे वहीच सांगते, स्मरणशक्ती सांगत नाही.

वर्गात काय करता येईल?

हवेत लहर सोडण्यासाठी परवाना लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला परीक्षा उत्तीर्ण होऊन तो मिळवता येतो. रिपीटरलाही परवाना आवश्यक असतो. पण टोनचे विज्ञान शिकण्यासाठी परवान्याची गरज नाही.

पहिला प्रयोग विस्पंदांचा. सूर निर्माण करणारे अॅप दोन मोबाइलवर घ्यावे. मोबाइलचा छोटा स्पीकर १०० हर्ट्झ नीट वाजवू शकत नाही, म्हणून एकावर ४०० आणि दुसऱ्यावर ४०३.५ हर्ट्झ लावावेत. आवाज वर-खाली होताना ऐकू येईल. दहा सेकंदांत ३५ हेलकावे मोजता येतात. दोन सेकंदांत एक तरी हेलकावा पुरा ऐकल्याशिवाय फरक सांगता येतो का, हे एकेक सेकंद कमी करत विद्यार्थ्यांना तपासायला सांगावे. पहिला शब्द का हरवतो, ते त्यांना आपोआप कळेल.

दुसरा प्रयोग अनुस्पंदनाचा. दोरीवर वेगवेगळ्या लांबीचे चार लंबक टांगावेत आणि पाचवा त्यांपैकी एकाच्या लांबीचा ठेवून हलवावा. जो जुळतो तोच झुलू लागतो. टोनचा पहारेकरी हेच करतो.

तिसरा उपक्रम मैदानावरचा. सात मुलांना साखळीतील सात कामे द्यावीत. एकाने गुपचूप ‘बिघडायचे’, म्हणजे निरोप पुढे द्यायचा नाही. बाकी वर्गाने कमीत कमी प्रश्नांत बिघाड शोधायचा. एकेकाला विचारत गेल्यास सहा प्रश्नांपर्यंत लागू शकतात, मध्यावरून विचारत गेल्यास तिनांत काम होते.

डहाणू-तलासरीच्या मुलांना भूकंपाचा सराव नवा नाही. धक्का बसला की मोकळ्या जागी यायचे, हे त्यांना ठाऊक आहे. त्यापुढची पायरी म्हणजे मोकळ्या जागी आल्यावर आपण सुखरूप आहोत हे दुसऱ्या पाड्याला कळवणे. त्यासाठी संच, डोंगर आणि बॅटरी लागते, हे खरे. पण संच हाती घेणाऱ्याला टोनचा आकडा पाठ असावा लागतो, बटण दाबून क्षणभर थांबायची सवय असावी लागते आणि उत्तर आले नाही तर काय काय तपासायचे याचा क्रम डोक्यात पक्का असावा लागतो. या तीन गोष्टी शाळेत शिकवता येतात आणि त्या संकट येण्यापूर्वीच शिकवाव्या लागतात.